चाकं खाली आलीच नाहीत तर? छोट्या विमानाचं पोटावर लँडिंग

उडतं_कासव

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

माझे उड्डाणाचे सत्तरेक तास झालेत, सगळे फिक्स्ड गिअरवर, म्हणजे चाकं कायमची खाली, त्यांचा विचारच करायचा नाही. पुढच्या महिन्यापासून पायपर ॲरोवर बसणार आहे, चाकं आत घेणारं माझं पहिलंच विमान, आणि तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय की उतरायच्या वेळी चाकं आलीच नाहीत तर काय. घरी सिम्युलेटरवर तीन रात्री हाच उद्योग चाललाय.

माझी आयडिया अशी की फायनलवर (रनवेच्या सरळ रेषेतला उतरायचा शेवटचा टप्पा) रनवे हातात आलाय असं वाटलं की इंजिन बंद करायचं, नाक थोडं वर धरून वेग पाडायचा म्हणजे वाऱ्याने फिरणारा प्रॉप (पुढचा प्रोपेलर) थांबतो, मग स्टार्टरला हलक्या टिचक्या मारून दोन पात्यांचा प्रॉप बरोब्बर आडवा आणायचा, मग पोटावर घसरलो तरी पातं जमिनीला लागत नाही, प्रॉप वाचला, इंजिन वाचलं, खर्च वाचला. ऐकायला झकास ना? सहा वेळा केलं. चार वेळा रनवेच्या अलीकडे आपटलो आणि एकदा रनवेवर पोचलो पण उलटा. इन्स्ट्रक्टरांना सांगितलं तर म्हणाले सिम बंद कर आणि झोप.

तर जाणकारांनी सांगा, इंजिन कधी बंद करायचं, पक्क्या रनवेवर उतरायचं की बाजूच्या गवतावर (मऊ म्हणून), फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या, उतरताना खाली करायच्या पट्ट्या) घ्यायचे की नाही कारण लो विंगला (पंख खाली असलेल्या विमानाला) ते घासून मोडणारच, आणि सगळ्यात भीती वाटते ती म्हणजे दोन चाकं आली आणि एक अडकलं तर?

जुनं_लॉगबुक

तुमच्या इन्स्ट्रक्टरांचं उत्तर मला आवडलं.

गंमत बाजूला. तुम्ही गोष्ट शेवटाकडून सुरू केलीत. चाकं न येणं आणि चाकं आल्याचा दिवा न लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रत्यक्षात तुमच्यावर दुसरी येण्याची शक्यता जास्त. प्रत्येक चाकाचा एक असे तीन हिरवे दिवे, त्यांपैकी दोनच लागले की माणसाचं सगळं लक्ष त्या तिसऱ्या काळ्या ठिपक्यावर जातं, विमान कुठे चाललंय ते कोणी बघतच नाही. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअरलाइन्सची फ्लाइट ४०१, भलं मोठं लॉकहीड ट्रायस्टार, मायामीला उतरताना नोजव्हीलचा (नाकाखालच्या चाकाचा) हिरवा लागला नाही म्हणून दोन हजार फुटांवर घिरट्या घालायला गेली. कॉकपिटमधले सगळे त्या दिव्याच्या मागे लागले, मधल्या काळात ऑटोपायलटचा उंची धरून ठेवण्याचा भाग सुटला आणि विमान हळूहळू खाली येत एव्हरग्लेड्सच्या दलदलीत गेलं. शंभराहून जास्त माणसं गेली. चाक खाली होतं. बल्ब गेला होता.

म्हणून हिरवा लागला नाही की आधी गो अराउंड (न उतरता परत वर), सर्किटच्या (विमानतळाभोवतीच्या ठरलेल्या फेरीच्या) बाहेर पडा, सुरक्षित उंची गाठा, टॉवरला सांगा, विमान ट्रिम करा (हात न लावता सरळ उडेल असं बसवा) आणि मग चेकलिस्ट उघडा. घाई कसली? तुमचं विमान चाकांशिवाय छान उडतं, किंबहुना जास्त छान उडतं.

इंजिनबद्दल एकच सांगतो. गिअर गेला त्या क्षणापासून ते विमान विमा कंपनीचं झालं असं समजायचं. प्रॉप वाचवायच्या नादात माणूस चालू इंजिनचं सुखरूप विमान स्वतःहून ग्लायडर करून टाकतो आणि तेही रनवेपासून लांब, जमिनीजवळ, स्टॉलच्या (वेग कमी पडून पंखांची उचल सुटण्याच्या) काठावर. वाऱ्याने फिरणारा प्रॉप थांबवायला वेग किती खाली आणावा लागतो ते तुम्ही सिमवर पाहिलंच आहे, उलटे पडलात ते उगीच नाही. शिवाय तीन पात्यांचा प्रॉप असेल तर आडवा करून करणार काय, एक पातं खाली राहणारच.

रनवे नक्की मिळतोय, म्हणजे आता सगळं बंद पडलं तरी चाललं अशा जागी, थ्रेशोल्डवर (रनवेच्या सुरुवातीला) आल्यावर मिक्श्चर मागे घ्या, म्हणजे इंजिनचं इंधन तुटतं. ते नाही जमलं तर आयडलवर (इंजिन सगळ्यात मंद ठेवून) टेकवा, काही बिघडत नाही.

पाना_नंबर_तेरा

लॉगबुक काकांना +१. मी हँगरच्या बाजूची आहे, पोटावर उतरलेली विमानं जॅकवर चढवण्याचं काम केलंय, त्यामुळे थोडं तेलकट हाताने लिहिते.

आधी बल्ब. बऱ्याच छोट्या विमानांत तिन्ही हिरवे बल्ब सारखेच असतात आणि उपसून अदलाबदल करता येतात, तर चालू असलेला काढून बंद जागी लावून बघायचा. आणि एक खास ॲरोसारख्या विमानांसाठी, पॅनेलचे किंवा नॅव्हिगेशनचे दिवे लावले की गिअरचे हिरवे दिवे आपोआप मंद होतात, रात्री डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून. भर उन्हात कोणी तो स्विच चुकून चालू ठेवला तर तीनही हिरवे गायब वाटतात. यावरून इमर्जन्सी जाहीर झालेली आहे, हसू नका.

मग सर्किट ब्रेकर, म्हणजे वीज जास्त झाली की बाहेर उडणारं फ्यूजसारखं बटण. इथे मोठ्या विमानाचं उदाहरण देते कारण ते विसरता येत नाही. १ नोव्हेंबर २०११, वॉर्सा, पोलंडच्या एलओटी कंपनीचं बोइंग ७६७. हायड्रॉलिक गळती झाली म्हणून नेहमीच्या रस्त्याने चाकं येईनात, आणि पर्यायी पद्धत विजेवर चालणारी, तीही चालेना. कॅप्टन तादेउश व्रोना यांनी विमान इतकं अलगद पोटावर टेकवलं की २३१ पैकी कोणालाही गंभीर इजा नाही. नंतर विमान उचललं, वीज दिली, तो बाहेर आलेला ब्रेकर आत दाबला आणि चाकं खाली आली. ब्रेकर कॉकपिटमध्येच होता, खाली जमिनीलगतच्या पॅनेलवर, सहज नजर जात नाही अशा जागी. तेव्हा ब्रेकरांवरून नुसती नजर नाही, बोट फिरवायचं. बाहेर आलेला दिसला तर एकदाच दाबायचा, परत उडाला तर सोडून द्यायचा, तो काहीतरी सांगतोय.

आता हाताने चाकं उतरवणं. प्रत्येक विमानाची तऱ्हा वेगळी. ॲरोत चाकं वर धरून ठेवते ती हायड्रॉलिक प्रेशर, दोन सीटांच्या मधला इमर्जन्सी लिव्हर खाली केला की प्रेशर सुटते आणि चाकं स्वतःच्या वजनाने पडतात, नोजव्हीलला स्प्रिंगची मदत असते. सेसना १७२ आरजी किंवा २१० मध्ये हँडपंप, दांडा बाहेर ओढायचा आणि जोर जड लागेपर्यंत पंप मारत बसायचं. बोनान्झात पुढच्या सीटांच्या मागे क्रँक असतो, साधारण पन्नास वेढे, खांदा भरून येतो, आणि उड्डाणात पहिल्यांदा हात मागे घालून तो शोधणं म्हणजे शिक्षा आहे. म्हणून आधी जॅकवर उभ्या विमानात एकदा स्वतः करून बघा, आम्ही कोणी नाही म्हणत नाही.

आणि वेग! वारा चाकांना मागे ढकलत असतो, जास्त वेगात अर्धवट येऊन लटकतात आणि लॉक होत नाहीत. पीओएचमध्ये (विमानाच्या माहितीपुस्तिकेत) दिलेल्या आकड्याच्या खाली या, मग लिव्हर, मग रडरने शेपूट डावी उजवी हलवा, बाहेरच्या बाजूला उघडणारी मेन (पंखांखालची) चाकं कधी कधी तेवढ्या झोक्याने खट्ट करून बसतात. तीन हिरवे मिळाले की त्या लिव्हरला परत हात लावायचा नाही, चाचणी म्हणून वर घेऊन बघणारे महाभाग असतात.

खर्चाचं म्हणाल तर प्रॉप जमिनीला लागला, नुसतं टोक वाकलं तरी इंजिन उघडून तपासावंच लागतं, क्रँकशाफ्टला बसलेला झटका बाहेरून दिसत नाही. पण पोटाचा पत्रा, अँटेना, फ्लॅप्स, एक्झॉस्ट, हे तसंही जाणारच असतं. तुमच्या टिचक्यांनी वाचलं तर बिलाचा एक तुकडा वाचेल.

सिमबहाद्दर

गवतच बेस्ट ना पण? मऊ असतं, ठिणग्या नाहीत, आग नाही. आणि फोम मारायला सांगायचं रनवेवर, पिक्चरमध्ये असतं तसं.

जुनं_लॉगबुक

@सिमबहाद्दर, गवत दुरून मऊ दिसतं. त्यात खड्डे असतात, चर असतात, दिवे आणि पाट्या असतात, पावसानंतर माती पोटाला पकडते आणि घसरणारं विमान गचकन थांबतं. माणसाला इजा होते ती घसरण्याने नाही, एकदम थांबण्याने. पक्क्या रनवेवर ॲल्युमिनियम खरवडत जातं, आवाज भयंकर होतो, पण विमान सरळ जातं आणि हळूहळू थांबतं, शिवाय फायर ट्रक तिथेच उभा असतो. उत्तम सपाट कोरडं गवताचं मैदान असेल तर तेही चालतं, पण रनवे सोडून मुद्दाम गवतावर जायचं कारण नाही.

फोमची गोष्ट जुनी झाली. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक एफएएनेच एके काळी केलेली शिफारस १९८७ मध्ये मागे घेतली. फोम अंथरायला वेळ लागतो, विमान नेमकं त्यावर टेकेल याची खात्री नसते, आणि खरी आग लागली तर ट्रकमधला फोम आधीच रनवेवर सांडलेला.

फ्लॅप्स पूर्ण घ्यायचे, पीओएच वेगळं सांगत नसेल तर. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, ६० नॉटऐवजी ७० ला टेकलात तर छत्तीस टक्के जास्त ऊर्जा घासून संपवायची आहे. फ्लॅप मोडला तर मोडू दे. फक्त एक लक्षात ठेवा, चाकं नसल्यामुळे ड्रॅग कमी, विमान तरंगत राहतं, उतरायचं नावच घेत नाही, आणि जमीन नेहमीपेक्षा दोन-तीन फूट उशिरा येते. तिथे पुष्कळ जण कंटाळून नाक वर ओढतात आणि वरून स्टॉल करून धपकन आपटतात. सपाट, जवळजवळ नेहमीसारखाच फ्लेअर (टेकायच्या आधी नाक जरा उचलणं), जरासा कमी, आणि त्याला वाट पाहू द्यायची.

ढगातला_कारकून

माझ्यावर आलेली वेळ सांगतो, आठेक वर्षं झाली. चार सीटचं विमान, कुठलं ते राहू दे. मेनचे दोन हिरवे, नोजचा नाही. बल्ब बदलला, ब्रेकर बघितले, इमर्जन्सी पद्धत दोनदा केली, काही नाही. टॉवरजवळून खालून एक फेरी मारली, ते म्हणाले नोजव्हील दिसतंय पण तिरकं वाटतंय. (टॉवरवाले खाली आलंय की नाही एवढंच सांगू शकतात, लॉक झालंय का ते दुर्बिणीतून कळत नाही, तेव्हा ते "दिसतंय" म्हणाले की सुटलो असं समजू नये.)

इंधन भरपूर होतं म्हणून तासभर घिरट्या घातल्या. छोट्या विमानातून इंधन सोडून देता येत नाही, जाळावंच लागतं. तो तास सगळ्यात वाईट, करायला काही नाही आणि डोकं नको ते चित्र काढत बसतं. मागे मित्र बसला होता, त्याला काम दिलं, सैल सामान सगळं बांध, चष्मा खिशात घाल, खिशातलं पेन काढ, जॅकेट मांडीवर घे तोंड झाकायला. पुढची सीट रिकामी होती, वजन मागे असलेलं नोजसाठी बरंच म्हणून त्याला मागेच ठेवला, सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) मर्यादेत बसतोय हे आकडेमोड करून बघितलं.

फायनलवर दार उघडून फटीत बूट घातला, कारण सांगाडा पिळला तर दार जाम होतं आणि आत अडकून बसण्यासारखं दुसरं काही नाही. मेनवर नेहमीसारखा टेकलो, मिक्श्चर मागे, फ्यूएल सिलेक्टर बंद, मॅग्नेटो (इंजिनची ठिणगी) बंद, मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद. फ्लॅप्स विजेवर असतील तर मास्टर बंद करायच्या आधी घेऊन टाका हां, तेवढं विसरू नका. ब्रेकला पाय लावला नाही. योक (विमान चालवायचा दांडा) पोटात ओढून नाक वर धरलं, आणि इथे मोह होतो शेवटपर्यंत धरून ठेवायचा, पण तसं केलं की एलेव्हेटरची (शेपटीच्या, नाक वर-खाली करणाऱ्या पट्टीची) ताकद संपते आणि नाक एकदम पडतं. थोडी ताकद शिल्लक असतानाच हळूच खाली सोडायचं. सोडलं, चाक दुमडलं, नाक टेकलं, पत्र्याचा किर्रर्र आवाज, शंभर-दीडशे मीटर आणि थांबलो. अगदी सरळ.

मग जी शांतता झाली ती अजून आठवते. मित्र म्हणाला, "उतरू का?" मी म्हटलं अरे पळ!

हो आणि हॉर्न. थ्रॉटल मागे घेतलं आणि सगळी चाकं लॉक नसली की गिअर वॉर्निंग हॉर्न सुरू होतो आणि शेवटपर्यंत कानात ओरडत राहतो. माहीत असूनही छातीत धडधडलं. तयारीत राहा.

उडतं_कासव

बापरे, कारकून साहेब, वाचताना माझाच पाय ब्रेकवरून बाजूला झाला. सगळ्यांचे आभार, प्रॉप वाचवायची माझी योजना अधिकृतपणे रद्द. पण एका चाकाचं कोणीच बोललं नाही, समजा उजवं आणि नोज आलं आणि डावं मेन अडकलं तर?

जुनं_लॉगबुक

मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण सगळ्यात ओंगळ प्रकार तोच. आधी बघायचं की सगळी चाकं परत आत जातात का. तीनही आत घेऊन सपाट पोटावर उतरणं एका मेनवर उतरण्यापेक्षा बरं, विमान निदान सरळ जातं. नुसतं नोज खाली आणि दोन्ही मेन वर असतील तरी तेच. मेन दोन्ही खाली आणि नोज नाही, तर मात्र कारकून साहेबांसारखं, मेन खालीच ठेवायची.

आता आत जातच नाहीत, डावं नाही ते नाहीच. मग मिळेल तितका रुंद रनवे मागा. विमान शेवटी डावीकडे वळणार हे धरून चाला, म्हणून रनवेच्या उजव्या कडेला उतरा, डावीकडे जागा राहते. उजवा पंख किंचित खाली, उजव्या चाकावर टेका, एलरॉनने (पंखाच्या टोकाकडच्या पट्टीने) डावा पंख उचलून धरा, वेग कमी होईल तसं एलरॉन वाढवत वाढवत पार टोकापर्यंत. पंख टेकायचा तेव्हा टेकेल आणि विमान गर्रकन डावीकडे फिरेल. तोवर वेग इतका कमी झालेला असला पाहिजे की फिरलं तरी फिरू दे. उजवा ब्रेक आणि रडरने जमेल तेवढं अडवा.

सिमबहाद्दर

आणि पोट टेकल्यावर वाटलं की जरा चुकतंय तर थ्रॉटल पुढे आणि परत वर?

पाना_नंबर_तेरा

नाही. नाही. आणि नाही.

एकदा खरवडलं की उड्डाण संपलं. वाकलेला प्रॉप, आतून झटका बसलेलं इंजिन, पोटाखालची फाटलेली लाइन, हे घेऊन वर जायचं आणि मग इंजिन बंद पडायचं ते घरांच्या वर. २२ मे २०२० ला कराचीत पाकिस्तानच्या पीआयए कंपनीची फ्लाइट ८३०३, एअरबस ए ३२०, चाकांशिवाय रनवेवर दोन्ही इंजिनं घासत गेली आणि परत उडाली. थोड्या वेळात दोन्ही इंजिनं बंद, दुसऱ्यांदा रनवेपर्यंत पोचलीच नाही, वस्तीत पडली. विमानातल्या ९९ पैकी दोघं वाचले. घासत थांबली असती तर काय झालं असतं याचा विचार आमच्याकडे चहाच्या वेळी बऱ्याचदा होतो.

जुनं_लॉगबुक

इंधन जाळण्याबद्दल एक पुरवणी, कारण कारकून साहेबांचं वाचून कोणी अतिरेक करेल. २८ डिसेंबर १९७८, पोर्टलंड, युनायटेड १७३. डीसी-८ च्या गिअरमध्ये गडबड, तासभर घिरट्या, तयारी चालू, आणि त्या तयारीत इंधनच संपलं. दहा माणसं गेली, चाकांमुळे नाही. पुढे वैमानिकांना एकमेकांचं ऐकायला शिकवायचं जे प्रशिक्षण आलं, त्याला हा अपघात बराचसा कारणीभूत. तर जाळा, पण घड्याळ लावून, आणि शेवटच्या अप्रोचला इंजिन चालू आणि एका गो अराउंडपुरतं इंधन शिल्लक पाहिजे.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर कासव साहेब ॲरोत बसायचेच नाहीत. १३ मे २०२४, ऑस्ट्रेलियातलं न्यूकॅसल, बीचक्राफ्ट किंग एअर, आत तिघं. चाकं येईनात, तीनेक तास इंधन जाळत फिरले, पोटावर उतरले, तिघंही स्वतःच्या पायांनी बाहेर. छोट्या विमानांच्या बाबतीत शेवट बहुतेक वेळा असाच होतो. आणि पोटावर उतरलेल्या विमानांतली बरीचशी तर ठणठणीत असतात, वैमानिक चाकं काढायलाच विसरलेला असतो. त्यावर धागा वेगळा काढा, तिथे मी टोपणनाव बदलून लिहीन.

उडतं_कासव

अपडेट. आज इन्स्ट्रक्टरांबरोबर ॲरोत पहिल्यांदा बसलो, उडालो नाही, नुसतं बसलो. इमर्जन्सी लिव्हर डोळे मिटून तीनदा शोधला. मग त्यांनी मास्टर चालू केला, तीन हिरवे, मला बाहेर शेपटीकडे बघायला सांगितलं आणि परत वळून बघतो तर तिन्ही गायब. म्हणाले आता शोध. मी बल्ब चाचपले, ब्रेकरांवरून बोट फिरवलं (ताईंची आठवण काढून), लिव्हरपर्यंत हात नेला आणि मग कुठे दिव्यांच्या स्विचकडे लक्ष गेलं. बंद केला, तिन्ही हिरवे हजर. अर्धा मिनिट लागला.

पाना_नंबर_तेरा

अर्धा मिनिट चांगला आहे. त्या अर्ध्या मिनिटात विमान कोण उडवत होतं?

उडतं_कासव

अहो ताई, उभं होतं ते, पार्किंग ब्रेक लावून :)